कोणती हवा मोजायची?

पीव्ही बरोबर एनआरटी. अकरावीच्या मुलांचं हे समीकरण मिनिटभरात पाठ होतं. गणित अडतं ते त्यानंतर. म्हणून फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मी विचारतो: यात बदलतंय काय, आणि तसंच काय राहतंय?

टायरचं गणित घ्या. सकाळी २७ अंशांना ३२ पीएसआय हवा भरली. हायवेवर गाडी पळाली, आतली हवा ५७ अंशांवर गेली. आता दाब किती? घाई करणारी मुलं ३२ ला ५७ ने गुणून २७ ने भागतात आणि ६७ च्या पुढे पोहोचतात. केल्विन आठवणाऱ्यांचं उत्तर ३५ येतं. दिसायला बरं, पण तेही चूकच. पंपावरचा काटा दाखवतो तो वातावरणापेक्षा जास्तीचा दाब. पंक्चर टायरवर तो शून्यावर येतो, पण आत हवा असतेच. तेव्हा आधी १४.७ मिळवायचे. झाले ४६.७. तापमान ३०० वरून ३३० केल्विन, म्हणजे दहा टक्के वाढ. दाब ५१.४, त्यातून १४.७ वजा, काट्यावर ३६.७. शून्य खरं हवं, तापमानाचं आणि दाबाचंही. बॉइलचं १६६२ सालचं कोष्टक मला यासाठीच फार आवडतं: वाकड्या नळीतल्या पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत त्याने वातावरणाचे एकोणतीस इंचांहून थोडे जास्त मिळवलेले आहेत.

टायरमधली हवा निदान कोंडलेली असते. खोलीतली नसते, आणि माझं सर्वांत लाडकं गणित तिथलं आहे. थंडीत हीटर लावला, ७ अंशांची खोली २१ अंशांवर आली. मुलं लगेच दाब काढायला बसतात. पण दाराखाली फट आहे. दाब बाहेरच्याइतकाच राहणार. आकारमानही तेच. मग बदलायला उरले फक्त मोल. तापमान २८० वरून २९४ केल्विन, म्हणजे दर एकवीस रेणूंमागे एक फटीतून बाहेर गेला. मोल आणि तापमान यांचा गुणाकार मात्र होता तेवढाच, आणि हवेची आंतरिक ऊर्जा त्याच गुणाकारावर ठरते. म्हणजे खोलीतल्या हवेची एकूण ऊर्जा वाढलीच नाही!

इथे वर्गात हमखास वाद पेटतो, आणि मी तो मिटवायची घाई करत नाही. मग हीटर कशाला लावायचा, असं कोणीतरी विचारतंच. कारण ऊब ठरते तापमानावर, म्हणजे रेणूमागच्या सरासरी ऊर्जेवर. आणि ती प्रत्येक रेणूमागे पाच टक्क्यांनी वाढली आहे.