जमा वाढली, शिल्लक घटली



आमची सोनी आता बारा वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर तिची भूक एकदम वाढली. वाटी चाटूनपुसून झाली की पुन्हा ओट्यापाशी हजर. पाणीही जास्त पिऊ लागली, रात्री घरभर ओरडत फिरायची. "म्हातारपणी हावरट झालीस गं," म्हणून मी दोनदा तिला रागावले. पण उचललं की हाताला बरगड्या लागायच्या. मी कॉमर्सवाली. जमा वाढते आणि शिल्लक घटते, म्हणजे कुठेतरी गळती आहे, एवढं कळतं. तिला घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटी. वजाबाकी आली दोन किलो आठशे. पूर्वी ती चार किलोची होती.

डॉक्टरांनी गळा चाचपला, ठोके मोजले, रक्त घेतलं. टी-फोर खूप वाढलेलं निघालं. वयस्कर मांजरांत हा आजार नेहमीचा, आणि गाठ बहुधा कर्करोगाची नसते, असं ते म्हणाले. किडनी आणि रक्तदाबही तपासला. कारण थायरॉइड वाढलेला असताना किडनीचा दोष झाकून राहतो, औषध सुरू झालं की वर येतो.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुझी थायरॉइडची गोळी आहेच की घरात. त्यातली पाव दे!" खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. पण माझा थायरॉइड कमी, तिचा जास्त. माझी गोळी म्हणजे आगीत तेलच. खरं तर एवढ्याचसाठी हे लिहायला बसले. आपल्यापैकी कितीजणींच्या उशाशी ती डबी असते!

सोनीला मेथिमॅझोलची गोळी सकाळ-संध्याकाळ, कायमची. किरणोत्सारी आयोडीनने हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो, पण आमच्याकडे ती सोय नाही. गोळी दिल्यावर हात स्वच्छ धुवायचे. सूनबाईला दिवस गेलेत, त्यामुळे गोळी आणि सोनीच्या शी-शूची पेटी दोन्ही माझ्याकडे. उलट्या झाल्या, खाणं सोडलं किंवा तोंड सारखं खाजवू लागली, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, मात्रा थोडी बदलली.

संध्याकाळची गोळी माझ्या चौविहाराआधी, म्हणजे विसर पडत नाही. आता वजन तीन किलो तीनशे.

यंदा पर्युषणात सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणताना तो 'हावरट' शब्द आठवला. तिच्यासमोरही हात जोडले. बिचारी आजारी होती, आणि मी तिलाच बोल लावत होते.