कौलें आणि गच्ची

घर कसें असावें याविषयीं वास्तुशिल्पज्ञांचें आणि सामान्य गृहस्थांचें क्वचितच एकमत होतें. शिल्पज्ञ म्हणतो, लोकांना अभिरुचि नाहीं. गृहस्थ म्हणतो, या विद्वानांना संसार ठाऊक नाहीं. हा कलह आम्ही अनेक वर्षें ऐकत आलों आहों. परंतु दोन वसाहतींचे इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे त्याचें मूळ केवळ आवडीनिवडींत नसावें, असें वाटूं लागतें.

पहिली वसाहत फ्रान्समधील. बोर्दो शहरालगतच्या पेसाक गांवीं आंरी फ्रुजेस या साखरेच्या कारखानदारानें ल कॉर्बुझिए यांजकडून कामगारांसाठीं सुमारें 50 घरें बांधवून घेतलीं. तीं 1926 सालीं उभीं राहिलीं. सपाट छपरें, लांबच लांब आडव्या खिडक्या, माथ्यावर उघड्या गच्च्या आणि भिंतींना निरनिराळे रंग, असा तो थाट होता. रहिवासी आले आणि त्यांनीं हळूहळू घरांस आपलें वळण लाविलें. खिडक्या बुजवून लहान केल्या, गच्च्या बंदिस्त करून खोल्या काढल्या आणि कांहींनीं तर सपाट माथ्यावर उतरतें छप्पर चढविलें.

दुसरी वसाहत आपल्या नवी मुंबईंतील बेलापूरची. चार्ल्स कोरिया यांनीं 1983 ते 1986 या काळांत तेथें सुमारें 550 कुटुंबांसाठीं घरें रचिलीं. सातेक घरांच्या मध्यें 8 मीटर लांबरुंद अंगण. शेजाऱ्यास न विचारतां प्रत्येकास आपलें घर वाढवितां यावें म्हणून भिंती सामाईक नाहींत. आणि वर खेड्याची आठवण करून देणारीं उतरतीं कौलारू छपरें. तेथें काय घडलें? पुष्कळ रहिवाशांनीं कौलें उतरवून सिमेंटच्या सपाट गच्च्या घातल्या. कित्येकांनीं मूळ घरच पाडून दोन-तीन मजले चढविले.

मौज पाहा! तिकडे सपाट छप्पर दिलें तर लोकांना उतरतें हवें. इकडे उतरतें दिलें तर सपाट हवें. यावरून कोणी लोकांस हट्टी म्हणेल. आम्हांस मात्र यांत एक सुसंगति दिसते. शिल्पज्ञ छप्पर कागदावर पाहतो. राहणाऱ्यानें तें अंगावर काढलेलें असतें.

आमचें जुनें घर रत्नागिरीकडचें, कौलारू. त्याचें छायाचित्र पाहून आजही कोणी वाहवा करील. परंतु दर वैशाखांत कौलें चाळावीं लागत, वानरांनीं फोडलेलीं बदलावीं लागत, आणि मृगाच्या पहिल्या सरीबरोबर आमची आई घमेलीं-पातेलीं घेऊन गळतीचा शोध करीत हिंडे. एकेका रात्रीं अंथरुणें दोनदां हलवावीं लागत. पुढें वडिलांना शिडी चढवेना आणि चाळणारे गडी मिळेनात. नवें घर बांधावयाचें ठरलें तेव्हां आमच्या एका तरुण शिल्पज्ञ स्नेह्यानें कौलांचाच आराखडा आणला. आराखडा खरोखर सुंदर होता. आईनें तो नीट न्याहाळला, मग म्हणाली, "छान आहे रे, पण कौलं चाळायला तूं येणार का?" स्नेही हंसला, परंतु त्यास उत्तर सुचलें नाहीं. गच्ची झाली. त्या पावसाळ्यांत आई रात्रभर निश्चिंत निजली.

ती गच्ची वैशाखांत तव्यासारखी तापते आणि वरच्या खोलींत दुपारीं बसवत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. स्नेह्यानें तें आधींच बजावलें होतें. त्याचें ज्ञान खोटें नव्हतें. त्याच्या हिशेबांत आईची झोप धरलेली नव्हती, इतकेंच. शिवाय ज्या घरांत मुलगा उद्यां लग्नाचा होणार, तेथें गच्ची म्हणजे पुढच्या मजल्याची जमीन असते. कौलांवर मजला चढत नाहीं.

पेसाकच्या कांहीं घरांस पुढें मूळ रूप परत देण्यांत आलें, आणि 2016 सालीं ती वसाहत जागतिक वारशाच्या यादींत गेली. कलेच्या इतिहासास तें आवश्यक असेल. परंतु ज्या गृहिणीनें तेथील खिडकी लहान करून घेतली, तिलाही कांहीं कारण असेलच. तें कारण वारशांतून गळूं नये, असें आम्हांस वाटतें.

कोरिया यांचीं कौलें पुष्कळ ठिकाणीं गेलीं. पण सुट्या भिंतींची जी योजना त्यांनीं केली, तिच्याच बळावर लोकांना तीं काढितां आलीं. आपल्या आराखड्यांत दुसऱ्याच्या मताला एवढी जागा ठेवणें सोपें नव्हे. नव्या शिल्पज्ञांनीं तें शिकावें. आणि पहिली रेघ ओढण्यापूर्वीं घरांतील बायामाणसांस इतकें विचारावें कीं, या घराचें कोणतें काम तुमच्या अंगावर पडणार आहे?