बांध ओलांडला की भाव बदलतो



अलीकडे आपल्या गावांतूनही परदेशवाऱ्या होऊ लागल्या आहेत. कोणी लेकाकडे जातो, कोणी लेकीच्या बाळंतपणाला जाते, तर कोणी अभ्यासदौऱ्यात नाव घालून हॉलंडची फुलशेती, जर्मनीची अवजारे आणि स्वित्झर्लंडचा दूधधंदा पाहून येतो. पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे, चिवडा-लाडू यांची तयारी महिनाभर चालते. मोबाईलच्या इंटरनेटची आठवण मात्र विमानात बसल्यावर होते. आणि फोन तर लागतोच! घरी मोटर कोण चालू करतो आहे, बाजार समितीत आज काय भाव निघाला, म्हाताऱ्या सासूबाईंचा ताप उतरला का, हे विचारल्याशिवाय कोणाला चैन पडते?

म्हणून आज दौऱ्याच्या नेहमीच्या वाटेने जाऊ. ऱ्हाईन नदी स्वित्झर्लंडमधून निघून जर्मनीतून हॉलंडकडे येते. आपण उलटे, मुखाकडून उगमाकडे निघू. पाहण्यासारखे पाहू आणि खिसा कुठे सांभाळायचा तेही पाहू.

समुद्राखालचे शिवार

अॅमस्टरडॅमचा स्किपोल विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३ मीटर खाली आहे. इथे पूर्वी मोठे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी पाणी उपसून १८५२ साली ते कोरडे केले आणि तळाची जमीन लागवडीला आणली. आजही पंप चालू असतात म्हणून ही जमीन कोरडी राहते. विहीर उपसताना आपला जीव कसा मेटाकुटीला येतो ते आठवा, म्हणजे या माणसांची चिकाटी कळेल.

इथे उतरताच फोनकडे लक्ष द्यावे. आपले भारतातले सिम परमुलखात तिथल्या कंपनीच्या मनोऱ्यावर उसने चालते. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घ्यावे तसे ते आहे. शेजारी आपल्या कंपनीकडून पैसे घेतो आणि कंपनी ते आपल्याकडून घेते. यालाच रोमिंग म्हणतात. निघण्यापूर्वी कंपनीचा परदेशाचा पॅक घेतला असेल तर भाव ठरलेला असतो. नसेल तर सुट्या भावाने आकारणी होते आणि ती फार जड जाते. आपण फोन खिशात ठेवला तरी तो आतल्या आत फोटो पाठवत असतो, अॅप नवे करत असतो. पोस्टपेड जोडणी असेल, तर दौऱ्याचा आनंद ओसरल्यावर बिल घरी येऊन थडकते. म्हणून विमानात बसतानाच भारतीय सिमचे ‘डेटा रोमिंग’ हे बटण बंद करावे. विमानतळावर फुकट वायफाय आहे. ‘सुखरूप पोहोचलो’ हा निरोप त्यावरून जातो.

फुलांचा बाजार

जवळच आल्समीरला फुलांचा जगप्रसिद्ध लिलाव आहे. ही संस्था उत्पादकांची सहकारी संस्था आहे, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे. लिलावाची रीत आपल्या उलटी आहे. भाव वरून सुरू होतो आणि घड्याळाच्या काट्यासारखा खाली येतो. जो पहिल्यांदा बटण दाबील त्याचा माल. पूर्वी खरेदीदार मोठ्या दालनात बसत. आता ते आपापल्या ठिकाणाहून इंटरनेटवर बोली लावतात. म्हणजे इंटरनेट हेही शेतकऱ्याच्या कामाचे अवजार आहे. अवजार म्हटले की ते कोणत्या भावाने घ्यायचे, हा विचार आलाच.

इथे तीन वाटा आहेत. पहिली, भारतातूनच पॅक घेऊन येणे. हे सर्वांत सोपे असते आणि आपला नंबर चालू राहतो. आठवडाभराच्या दौऱ्याला बहुतेकांना तेच बरे पडते. दुसरी, इथले प्रीपेड सिम घेणे. गावातल्या दुकानात साधारण १० ते २० युरोत काही जीबी डेटा असलेले सिम मिळते. हिशेबाला एक युरो म्हणजे शंभर रुपये धरून चाला. विमानतळावर तेच महाग पडते. जास्त दिवस मुलांकडे राहणाऱ्या आई-वडिलांना ही वाट सोयीची आहे. तिसरी वाट ई-सिमची. यात कार्ड नसते. फोनमध्येच सिम उतरवून घ्यायचे असते. मात्र प्रत्येक फोनला ते चालत नाही. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असे फिरवले आणि पडद्यावर ‘ईआयडी’ नावाचा लांबलचक आकडा दिसला, तर आपला फोन ई-सिमचा समजावा.

चौघे-पाच जण बरोबर असतील तर प्रत्येकाने डेटा घेण्याची गरज नाही. एकाच्या फोनवरून हॉटस्पॉट लावला की सगळ्यांचे निरोप जातात.

नदीच्या काठाकाठाने

बस जर्मनीत शिरते. वेशीवर बहुधा कोणी अडवत नाही. पाट्यांची भाषा बदलली की देश बदलला, एवढेच. कोलोनचे १५७ मीटर उंचीचे कॅथेड्रल लांबून दिसू लागते. १२४८ साली सुरू झालेले हे काम १८८० साली पुरे झाले. पुढे ऱ्हाईनच्या उतारांवर द्राक्षमळे लागतात. नाशिक-सांगलीच्या मंडळींनी ते उभे चढ पाहून तोंडात बोट घालावे.

हॉलंडमध्ये घेतलेले सिम इथेही चालते. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून नियम केला की, सभासद देशांतल्या ग्राहकाने दुसऱ्या सभासद देशात फोन वापरला तर त्याला घरच्याच भावाने वापरू द्यावे. २०२२ साली हा नियम २०३२ पर्यंत वाढवला. मात्र सगळाच डेटा बाहेर मिळतो असे नाही. कंपनी मर्यादा घालू शकते. म्हणून सिम घेतानाच ‘जर्मनीत चालेल का? किती जीबी?’ असे विचारून घ्यावे. जर्मनीतच सिम घ्यायचे ठरवले तर ओळखपत्र दाखवावे लागते. पासपोर्ट जवळ ठेवावा.

धबधब्याजवळची वेस

आता खरी सावधगिरी. काळ्या अरण्याचा डोंगर उतरून बस शाफहाउसेनच्या ऱ्हाईन धबधब्याकडे येते. रुंदी १५० मीटर, उंची २३ मीटर. तुषार अंगावर उडतात आणि जो तो फोन काढून घरी व्हिडिओ लावतो. पण हा धबधबा स्वित्झर्लंडमध्ये आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि घरच्या भावाचा तो नियम इथे लागू नाही. बस तीच, नदी तीच, सिमही तेच. पण बांध ओलांडला आणि भाव बदलला! काही पॅकांत स्वित्झर्लंड धरलेले असते, काहींत नसते. पॅक भारतातला असो की तिकडचा, देशांच्या यादीत हे नाव आहे का, ते आधीच बघावे.

आणखी एक गंमत. मनोऱ्याला बांध कळत नाही. शेजारीच ब्यूझिंगेन नावाचे जर्मनीचे गाव आहे, पण त्याला चहूबाजूंनी स्वित्झर्लंडचा वेढा आहे. अशा सीमेवरच्या गावात आपण जर्मनीत उभे असलो तरी फोन पलीकडचा मनोरा पकडू शकतो. हॉलंडचे सिम जर्मनीत वापरताना डेटा रोमिंग चालू ठेवावे लागते. तेच बटण स्वित्झर्लंडची वेस जवळ आली की बंद करायचे. आमच्या बसमधल्या एका वहिनी यात तरबेज होत्या. यजमान धबधब्याकडे धावले तशा त्या म्हणाल्या, “अहो, आधी ते बटण बंद करा, मग पाणी बघा!” फोटो काढायला डेटा लागत नाही. ते रात्री मुक्कामाच्या वायफायवरून घरी गेले.

गमतीची गोष्ट म्हणजे पलीकडच्या चिमुकल्या लिश्टेनश्टाइन देशात चलन स्विस फ्रँकच, पण फोनला मात्र युरोपचा तोच घरचा भाव लागू आहे.

घरूनच करायची तयारी

नकाशे आणि भाषांतराचे अॅप घरच्या इंटरनेटवर उतरवून घ्यावे. मग रस्ता शोधायला डेटा लागत नाही. भारतीय सिम काढून टाकू नये, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यावर डेटा बंद ठेवला तरी निरोप येऊ शकतात. मात्र रोमिंगची सेवा चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी कंपनीला विचारावे. पॅक नसताना त्यावर आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात, हे घरच्यांना सांगून ठेवावे. उघड्या वायफायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. आणि जपून वापरायचे तर व्हिडिओपेक्षा नुसत्या आवाजावर बोलावे. डेटा कितीतरी कमी लागतो.

पाण्याची पाळी किती तासांची आणि कोणत्या चारीवर, हे विचारल्याशिवाय आपण बारे धरत नाही. डेटाचेही तसेच आहे. किती, किती दिवस आणि कोणत्या मुलखात, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वी विचारा. मग वाचलेल्या पैशांत नातवंडांसाठी चॉकलेटचा एक पुडा जास्त येईल.