थ्री नॉट थ्री आणि मी

"शनिवारी काय करतेयस?"

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात कुणी हा प्रश्न विचारला की माझ्या पोटात गोळा येतो. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं... 'एक छोटंसं रिलीज आहे.' पण या वेळी विचारणारा होता आमच्या लंडनच्या क्लायंटकडचा डेटाबेसवाला. वय बासष्ट, बोलणं कमी, चहा जास्त. आम्ही ऑनसाइट आलेली देशी मंडळी त्याला पाठीमागे 'काका' म्हणतो.

"आमच्या क्लबची जुन्या रायफलींची मॅच आहे. हजार यार्डांवरून," काका म्हणाला. "स्कोअर लिहायला माणूस कमी पडतोय. तू टेस्टर आहेस, तुला आकडे नीट लिहिता येतील."

जुनी रायफल म्हणजे कुठली? तर ली-एनफिल्ड, .३०३. म्हणजे आपली थ्री नॉट थ्री हो! गणपतीच्या बंदोबस्तात हवालदाराच्या खांद्यावर दिसायची, ती लाकडी, जड, ओबडधोबड बंदूक. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या काही पोलिसांच्या हातात होती, तीच. तिची कुणी हौसेने मॅच खेळत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि मी पडले खडकीची. माझे आजोबा तिथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. त्या फॅक्टरीत एके काळी याच थ्री नॉट थ्रीची काडतुसं बनायची. त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

वॉटर्लूहून गाडी पकडली की पाऊण तासाच्या आत ब्रुकवुड येतं. स्टेशनाला लागून भलंमोठं कब्रस्तान आहे. जमशेटजी टाटांची समाधी तिथल्या पारशी भागात आहे हे मला काकाने सांगितलं. मुंबईतल्या पोरीला सरे परगण्यातला गोरा माणूस टाटांचा पत्ता सांगतोय, असं म्हणणार होते, पण मी मुंबईची नाही, त्यामुळे तो विनोद वाया गेला.

तिथून जवळच बिस्ली. इंग्लंडमधल्या रायफलवाल्यांची पंढरीच. त्यांची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ सालची. पहिली मॅच १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर झाली आणि पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. म्हणजे रायफल आधीच नेम धरून घट्ट बसवलेली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. (आमच्याकडे डायरेक्टर लोक रिलीजचं बटन दाबतात, तसंच.) पुढे वस्ती वाढली आणि १८९० मध्ये सगळा कारभार बिस्लीला आला. मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजीही इथेच झाली होती. त्या वेळी अंजली भागवतने चार सुवर्णपदकं मिळवली होती. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा वर्गातल्या अर्ध्या मुलींना 'अंजली भागवत' व्हायचं होतं. मला नव्हतं. मला आवाजाची भीती वाटायची. अजूनही वाटते.

स्टिकलडाउन हे तिथलं लांब पल्ल्याचं मैदान. आठशे ते बाराशे यार्ड. आमची मॅच हजार यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१४ मीटर. तिथून टार्गेटं टपाल तिकिटांएवढी दिसतात. लाल बावटे वर चढलेले. वर बावटा असेपर्यंत समोरच्या हिरवळीवर पाऊल टाकायचं नाही. काही हरवलं, उडालं, तरी नाही.

सुरुवातीला ब्रीफिंग. रेंज चालवणाऱ्या अधिकारी म्हणजे एक पन्नाशीच्या बाई होत्या. आवाज अगदी पीटीच्या बाईंसारखा. रायफल पिशवीतून बाहेर काढायची ती फायरिंग पॉइंटवरच. तोंड कायम टार्गेटकडे. बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये रंगीत प्लास्टिकची निशाणी, म्हणजे लांबूनही कळावं की आत काही नाही. हुकूम होईपर्यंत काडतुसाला हात नाही. कानावर मफ हवेच. चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर बोल्टला हात लावायचा नाही. नळी समोर धरून तीस सेकंद थांबायचं, कारण जुनं काडतूस कधी कधी उशिरा पेटतं. मॅच संपली की प्रत्येकाचा चेंबर दुसऱ्याने तपासायचा. स्वतःचा स्वतः तपासलेला चालत नाही! (टेस्टिंगचा पहिला धडा. आमच्याकडे डेव्हलपरना हे सांगून सांगून माझा घसा बसला.)

आणि शेवटी बाई म्हणाल्या, "काही गडबड दिसली तर 'स्टॉप' ओरडायचं. कुणीही. नेमबाज, स्कोअरर, पाहुणे, लहान मूल. खात्री असायची गरज नाही. ओरडल्याबद्दल इथे कुणी कधी जाब विचारणार नाही."

खात्री असायची गरज नाही. मी ते वाक्य ऐकलं आणि मला डिसेंबर आठवला.

डिसेंबर २०२४. रात्री साडेअकरा, 'गो / नो-गो' कॉल. एकेकाचं नाव घेतलं जातं आणि प्रत्येकाने 'गो' म्हणायचं. आदल्या रात्री मला एका लॉगमध्ये तोच व्यवहार दोनदा पडलेला दिसला होता. एकदाच. परत करून पाहिलं तर दिसला नाही. कॉलवर माझं नाव आलं. बारा लोक, तीन देश, सगळे पेंगुळलेले. मी म्हटलं, "गो." पुढचं सांगायलाच नको. कित्येक ग्राहकांचे पैसे दोनदा कापले गेले. शनिवार-रविवार खपून ते सगळं निस्तरलं कुणी? काकाने. मला आधीच काही दिसलं होतं, हे मी कुणालाही सांगितलं नाही. काकालाही नाही.

असो.

सकाळी माझी ड्यूटी टार्गेटच्या खड्ड्यात होती. मातीच्या उंच बांधाआड काँक्रीटची खोल गल्ली, आणि डोक्यावर माझ्या उंचीहून मोठी टार्गेटं, वरखाली होणाऱ्या लोखंडी चौकटींवर. गल्लीत शिरायचं ते हुकूम झाल्यावरच, आणि बाहेर पडायचं तेही हुकूम झाल्यावरच. मध्ये बाथरूमला जायचं असेल तर? आधी जाऊन यायचं. पोहोचल्याची वर्दी रेडिओवर पलीकडे जाते, ती मिळाल्याशिवाय पहिला बार होत नाही.

डोक्यावरून काहीतरी सपकन जातं, मागच्या वाळूच्या बांधात धप्प होतं, आणि मग मागाहून रायफलीचा आवाज येतो. गोळी आवाजाच्या आधी पोहोचलेली असते. पहिल्या वेळी मी मटकन खाली बसले. शेजारची आजी हसली नाही, नुसतं "चौकट खाली ओढ" म्हणाली. भोक शोधायचं, त्यात रंगीत चकती खोचायची, आधीच्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, बाजूला गुणांचा फलक लावायचा आणि चौकट वर. म्हणजे हजार यार्डांवरच्या माणसाला दुर्बिणीतून कळतं की आपण कुठे मारलं. दुसऱ्या कुठल्या रेंजवर हे काम इलेक्ट्रॉनिक टार्गेटं करत असतील, पण जुन्या रायफलीला ही जुनी पद्धतच शोभते. दोन तासांत माझे दंड भरून आले. जिमचे पैसे वाचले म्हणायचे!

दुपारी फायरिंग पॉइंटवर. काका पोटावर झोपलेला, मी त्याच्या उजव्या बाजूला किंचित मागे वही आणि दुर्बीण घेऊन. त्याची रायफल १९१७ सालची. दुर्बीण नाही, काही नाही, त्या वेळची लोखंडी माशी. तिच्या मागच्या साइटवर दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेत. कुठल्या आशावादी माणसाने कोरले असतील! हजार यार्ड जायला गोळीला दीड-दोन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात वारा तिला वाटेल तिकडे नेतो. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असेल तर गोळी माणसाच्या उंचीहून जास्त सरकते. म्हणून सगळं लक्ष बावट्यांवर. काका पाच मिनिटं नुसता बावटे बघत पडून राहायचा आणि मग एक बार.

आधी दोन बार अंदाजाचे, मग मोजायचे. चार, पाच, तीन, पाच. प्रत्येक बार झाला की पुंगळी चटईवर पडायची, मी ती उचलून डब्यात ठेवायची, टार्गेट खाली जायचं, वर यायचं, मी गुण मोठ्याने म्हणायचे आणि लिहायचे. काका घरीच काडतुसं भरतो. जुन्या पुंगळ्या, नवी दारू, नवी गोळी. हे इथे सगळेच करतात म्हणे.

सातवा बार. काकाने चाप ओढला, आणि त्याच क्षणी शेजारच्याचा बार उडाला. काकाची रायफल हलली नाही. काका न हलता म्हणाला, "मिसफायर." मी घड्याळ बघितलं. तीस सेकंद. काका त्याहूनही थोडं जास्त थांबला. मग बोल्ट मागे ओढला, पुंगळी चटईवर पडली. त्याचे डोळे मात्र बावट्यांवर. ज्या वाऱ्याची तो एवढा वेळ वाट बघत होता तो नेमका आला होता. त्याने न बघता पुढचं काडतूस उचललं.

मी पुंगळी उचलली आणि माझं डोकं एकदम टेस्टरसारखं चालायला लागलं. बार उडाला नाही, तर पुंगळीच्या तोंडाशी गोळी असायला हवी. नव्हती. दुर्बिणीत पाहिलं. टार्गेट खाली गेलेलं नाही, म्हणजे गोळी तिकडेही नाही. इथे नाही, तिथे नाही. मग कुठे आहे?

आणि मी गप्प बसले. खरं सांगतेय. एखाद-दोन सेकंदच, पण बसले. मनात काय आलं माहितेय? हा माणूस चाळीस वर्षं नेम मारतोय, मला येऊन सहा तास झालेत. काहीतरी असेल जे मला कळत नाही. रांगेत वीस-एक लोक, सगळ्यांना हाच वारा हवाय. काकाची बोटं काडतूस चेंबरकडे नेत होती.

"स्टॉप!"

आवाज एवढा मोठा निघाला की मलाच मफमधून ऐकू आला. लगेच बाईंचा आवाज, "स्टॉप, स्टॉप, स्टॉप!" आणि सगळी रांग गार. बोल्ट उघडे, रंगीत निशाण्या आत, सगळे रायफलींपासून हात काढून मागे. रेडिओवर खड्ड्यात निरोप गेला. वीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि वारा, तो सुंदर, स्थिर वारा, वाहत होता.

बाई आल्या. मी नुसती पुंगळी पुढे केली. बोलता येत नव्हतं. त्यांनी पुंगळीच्या तोंडात पाहिलं, काकाकडे पाहिलं. काकाने काडतूस बाजूला ठेवून बोल्ट काढून दिला. बाईंनी मागून नळीत डोकावलं. पलीकडचा उजेड दिसला नाही.

झालं असं होतं की त्या पुंगळीत दारूच भरायची राहिली होती. बुडाच्या छोट्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत थोडी सरकली आणि अडकून बसली. तिच्यामागे भरलेलं काडतूस उडवलं असतं तर ती वाट मिळेल तिथून बाहेर पडली असती. नळी फोडून, नाहीतर बोल्टमधून. काकाचा गाल बोल्टच्या मागे दोन इंचांवर असतो. मी त्याच्यामागे, हातभर अंतरावर.

रायफल बाजूला गेली, काकाची मॅच संपली. बाईंनी वेळ लिहून घेतली, सगळ्यांना पुन्हा सुरू करायला सांगितलं. मला शाबासकी वगैरे काही नाही. थँक यूसुद्धा नाही! तोपर्यंत वारा फिरला होता. शेजारच्याचा पुढचा बार सरळ बाहेर गेला. तो काही बोलला नाही, साइटवरचा आकडा बदलला आणि पुन्हा बावटे बघायला लागला.

संध्याकाळी क्लबच्या पायरीवर चहा. काका म्हणाला, "पुंगळ्या भरताना नातीचा फोन आला होता. परत आल्यावर मी मोजल्या नाहीत." एवढंच.

मग माझ्या तोंडून निघालं. डिसेंबरचं. लॉग, दोनदा पडलेला व्यवहार, माझं 'गो'. मी कपाकडे बघत सगळं सांगितलं.

काका बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती फाइल आदल्या रात्री अकरा चाळीसला उघडली होतीस. दोनदा. मी निस्तरत होतो ना, मला दिसलं होतं."

पाच महिने! पाच महिने हा माणूस रोज माझ्यासमोर चहा पीत होता.

"मग बोलला का नाहीस?"

"तूही नव्हती बोललीस," काका म्हणाला आणि उठून गाडीकडे गेला. मला वाटलं, संपलं सगळं. पण तो परत आला तो एक पत्र्याचा डबा घेऊन. आत जुन्या, जमवलेल्या रिकाम्या पुंगळ्या. त्यातली एक पितळी, काळवंडलेली पुंगळी त्याने माझ्या तळहातावर ठेवली. बुडाला अक्षरं ठोकलेली. के. एफ. आणि रोमन सात.

"कर्की फॅक्टरी," काका म्हणाला. खडकीला तो कर्की म्हणतो. "तुझ्या गावची. घेऊन जा."

घ्यायला जीव आसुसला होता. पण विमानतळावर बॅगेत पुंगळी सापडली तर काय काय होतं त्या बातम्या मी वाचल्यात. म्हणून फक्त फोटो काढला आणि बाबांना पाठवला. आजोबा फॅक्टरीच्या गेटवर रोज खिसे उलटे करून दाखवायचे. चुकून काडेपेटी आत जाऊ नये म्हणून ते ती घरातसुद्धा खिशात ठेवायचे नाहीत, बाबांनाही ठेवू द्यायचे नाहीत.

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटली होती. तरी दोन मिनिटांत बाबांचं उत्तर आलं.

"काडेपेटी बाहेर ठेवली होतीस ना?"