पश्चिमेची भिंत

केळझर हे वर्धा जिल्ह्यातील एक गाव. नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. गावाजवळ टेकडी आहे आणि टेकडीवर सिद्धिविनायकाचे देऊळ. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे गावातील वृद्ध मंडळी पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. पांडव येथे वेष पालटून राहिले, रोज गाडाभर अन्न फस्त करणारा बकासुर येथेच माजला होता आणि भीमाने त्याला येथेच मारले, ही कथा ऐकतच आम्ही मोठे झालो. एकचक्रा म्हणवणारी गावे आणखीही आहेत. पण लहानपणी हे कोणी आम्हांला सांगितले असते, तर आम्ही त्याच्याशी भांडलोच असतो.

त्या बकासुराचा एक चिमुकला भाऊबंद आमच्या घरात शिरला, ती हकीकत १९८४ सालच्या श्रावणातली आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि धाकटी बहीण सहा वर्षांची.

आमचे घर जुने. मातीच्या जाड भिंती, आतून चुन्याचा गिलावा आणि वर कौले. कौलांना आमच्याकडे कवेलू म्हणतात. पश्चिमेच्या अंगाला एक अंधारी खोली होती. आजी व धाकटी तेथे निजत. खोलीत भिंतीला अगदी चिकटून एक लाकडी कपाट उभे होते. शेजारी भुईमुगाच्या शेंगांचे पोते, गोधड्यांची चळत आणि वर कोनाड्यात आजोबांची भजनांची वही. आजोबांना जाऊन चार वर्षे झाली होती. आजीला वाचता येत नसे. तरी दर एकादशीला ती वही खाली काढी, पदराने पुशी, कपाळाला लावी आणि परत कोनाड्यात ठेवी.

त्या श्रावणात आठ दिवस झड लागली. झडीचा पाऊस धोधो कोसळत नाही, पण थांबतही नाही. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, काडेपेटीची काडी पेटत नाही, मीठ पाणी सोडते. पावसाला जरा खळ पडली की टेकडीवरची वानरे गावात येत आणि या घराच्या छपरावरून त्या घराच्या छपरावर उड्या मारत. त्यांच्या उड्यांनी आमचे चार कवेलू सरकले. पाणी घरात टपटप गळले असते, तर खाली भांडे तरी ठेवले असते. पण ते भिंतीच्या माथ्यावर पडत होते आणि गुपचूप भिंतीच्या पोटात मुरत होते. खोलीला कुबट वास येऊ लागला. धाकटी रात्री खोकू लागली. आजी तिला काढा देई. वासाचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याच मनात आले नाही.

एके सकाळी उंदराच्या शोधात बाबांनी व काकांनी कपाट पुढे ओढले. मागे पाहतो तो काय! भिंतीवर परातीएवढे काळपट हिरवे डाग पसरलेले, कपाटाच्या फळीवर पांढरी लव आणि शेंगांच्या पोत्याच्या बुडाशी हिरवी भुकटी. “बुरा धरला,” काका म्हणाले. बाबांना शेतावर जाण्याची घाई होती. “संध्याकाळी पाहू,” असे म्हणून ते निघून गेले.

मला मात्र संध्याकाळपर्यंत दम निघेना. बाबा परत येण्याआधी भिंत लख्ख करून सर्वांना चकित करावे, असे माझ्या मनाने घेतले. मी खराटा आणला. घरभर धूळ होऊ नये म्हणून दार लावून घेतले. धाकटी गोधड्यांवर बसून माझा पराक्रम पाहत होती. मी भिंत खसाखसा झाडू लागलो. डाग फिके होऊ लागले. कवडशात हिरवट धुके तरंगताना दिसत होते आणि मला ते पाहून आनंदच होत होता.

थोड्याच वेळात धाकटी खोकू लागली. मग तिचा खोकला थांबला आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. तिचे ओठ निळसर दिसत होते. दार ढकलून आजी आत आली. “काय करून राह्यला रे तू?” एवढेच ती ओरडली आणि पोरीला उचलून ओसरीवर धावली.

काकांनी रस्त्यावर एक मालमोटार थांबवली. वर्ध्यापर्यंतचा तो प्रवास मला अजून आठवतो. आजीच्या मांडीवर धाकटी, आणि तिचा प्रत्येक श्वास मी मोजत होतो. वर्ध्याहून आम्ही सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पोहोचलो. तेथे औषध मिळाले आणि दोन तासांनी तिचा श्वास मोकळा झाला. रात्री तिला तेथेच ठेवून घेतले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारले, “घरात कुठे ओल आहे का? काल काही झाडझूड केली होती का?” आजी गप्प राहिली. मला वाचवण्यासाठी ती गप्प राहिली, हे मला कळत होते. मीच रडत रडत सगळे सांगितले.

त्या रागावल्या नाहीत. “तुमची शेती आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग ऐक. बुरशी ही घाण नव्हे, ती जिवंत आहे. तिचे बी असते, त्याला बीजाणू म्हणतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि वाऱ्यावर तासन्तास तरंगतात. कोरड्या खराट्याने तू भिंत साफ केली नाहीस बाळ, तू पेरणी केलीस. थोडी पेरणी बहिणीच्या छातीतही झाली. सगळ्यांनाच एवढा त्रास होत नाही. पण ज्यांना दमा आहे, त्यांचा श्वास यानेच कोंडतो.” मग त्या बाबांकडे वळल्या. “भिंत पुसायची घाई करू नका. आधी पाणी थांबवा. बीजाणू सगळीकडेच असतात. पण ओल नसेल तर ते रुजत नाहीत.”

मला एकदम भीम आठवला. बकासुराशी झुंज घेण्यापूर्वी त्याने गाड्यावरचे सगळे अन्न स्वतः खाऊन टाकले होते. गाडा रिकामा, मग राक्षस! इतकी वर्षे ही गोष्ट ऐकताना भीमाच्या खादाडपणाला हसण्यापलीकडे मी काही केले नव्हते.

परतताना बाबांनी आम्हांला आश्रमात नेले. गांधीजी १९३६ साली या गावी राहावयास आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. त्यांची कुटीही आमच्या घरासारखीच मातीची व कौलारू. बाबा हात जोडून आत गेले खरे, पण बाहेर येऊन ते बराच वेळ छपराकडेच पाहत राहिले. छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेले आणि खाली उतरलेले होते. “पाऊस भिंतीला शिवतच नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

घरी आल्यावर आजी व धाकटी यांची रवानगी शेजारी आत्याकडे झाली. मलाही खोलीचा उंबरठा ओलांडण्याची बंदी होती. बाबांनी प्रथम कवेलू बसवले. मग आतले दार लावून घेतले आणि बाहेरची खिडकी उघडली, म्हणजे जे उडेल ते घरात न येता बाहेर जावे. नाकातोंडाला उपरणे घट्ट बांधले. आज मला ते दृश्य आठवले की भीती वाटते. कारण बीजाणू कापडातूनही आत जातात. आज एन-९५ नावाची मुखपट्टी, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय मी हे काम कोणाला करू देणार नाही.

बाबांनी भिंतीवर हलक्या हाताने पाणी शिंपडले. ओली बुरशी उडत नाही. मग साबणाच्या पाण्यात फडके बुडवून त्यांनी डाग वरून खाली पुसले. एक फडके मळले की ते टोपलीत टाकायचे आणि दुसरे घ्यायचे. जेथे गिलावा फुगला होता तेथे तो भिजवूनच खरवडला आणि घमेल्यातून परसाच्या टोकाला नेऊन पुरला. अंगावरचे कपडे त्यांनी बाहेरच उतरवले आणि आंघोळ करूनच घरात पाऊल टाकले. आमचे डाग थोडे होते म्हणून हे घरच्या घरी जमले. डागांचा पसारा तीन फूट लांब व तीन फूट रुंद यापेक्षा मोठा असेल, तर जाणत्या माणसांना बोलवावे हे बरे.

आजकाल बाजारात नाना तऱ्हेची औषधी पाणी मिळतात. काही लोक लवकर काम व्हावे म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड मिसळतात. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो माणसाचा जीवही घेऊ शकतो. बुरशी राहिली तरी चालेल, पण हा उद्योग कोणी करू नये. साध्या फरशीला व भिंतीला साबण आणि पाणी पुरते. शिवाय मेलेली बुरशीही छातीला त्रास देतेच. तिला नुसते मारून भागत नाही, पुसून घराबाहेर काढावे लागते.

खरी पंचाईत शेंगांची झाली. पोते वर्षभराच्या तेलाचे होते. “वरच्या शेंगा चांगल्या आहेत, निवडून घेऊ. खालच्या बैलांना घालू,” आजी म्हणाली. बाबा क्षणभर घुटमळले. सालभराचे कष्ट मातीत घालणे शेतकऱ्याला सोपे नसते. तरी त्यांनी सबंध पोते पुरले. आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढे मोठेपणी मी वाचले, की १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या खेड्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. शेंगदाण्यावर व मक्यावर येणारी एक बुरशी अ‍ॅफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते आणि शिजवूनही पुरते नाहीसे होत नाही. ते वाचले, तेव्हा आजी हयात नव्हती.

त्या काळात मला बुरशी या शब्दाचाच राग येई. पेनिसिलीन हे औषध १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीतच सापडले आणि ते आपल्या देशात बनवण्यासाठी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला कारखाना उभारला गेला, हे गुरुजींनी वर्गात सांगितले, तेव्हा माझा कितीतरी वेळ विश्वासच बसला नाही.

भिंत आठवडाभरात वरून कोरडी दिसू लागली, पण बाबा रोज तिला तळहात लावून पाहत आणि मान हलवत. पोळा गेला, गणपती गेले. ओल्या भिंतीवर चुना फासला तर डाग झाकतात, बुरशी मात्र आत तशीच राहते. अखेर दसऱ्याच्या आधी त्यांनी कळीचा चुना भिजवला. पाण्यात पडताच तो खदखदतो. थेंब डोळ्यांत गेला तर डोळा जाण्याचे भय. म्हणून आम्हांला अंगणातही उभे राहू दिले नाही. ताज्या चुन्याच्या अल्कधर्मी थरावर बुरशीला सहसा पाय रोवता येत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी पश्चिमेचे छप्पर दोन हात पुढे वाढवले. कपाट भिंतीपासून वीतभर दूर उभे राहिले.

राहता राहिली आजोबांची वही. गोधड्यांपैकी दोन पुरल्या होत्या, बाकीच्या उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवल्या होत्या. पण कागद धुणार कसा? “जाळून टाकू,” काका म्हणाले. आजी काही बोलली नाही. ती नुसती कोनाड्याकडे पाहत राहिली. बाबांनी वही गोठ्याच्या पलीकडे वाऱ्यावर, सावलीत नेली, पाने एकेक सुटी केली आणि सहा दिवस वाळू दिली. मग तोंड बांधून मऊ कुंचल्याने प्रत्येक पानावरची बुरशी घरापासून दूर नेणाऱ्या वाऱ्यावर झटकली. शेवटची पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. ती गेली ती गेलीच.

उरलेली पाने बाबांनी माझ्या हाती दिली. “वाचून दाखव आजीला.”

वही इतकी वर्षे घरात होती, पण आजीला ती कोणी वाचून दाखवली नव्हती. मी ओसरीवर बसून वाचू लागलो. धाकटी आजीच्या मांडीवर डोके ठेवून ऐकत होती. एकविसावे भजन संपले आणि मी थांबलो. पुढे काही नव्हते.

आजीने डोळे मिटले आणि बाविसावे भजन स्वतःच म्हणावयास आरंभ केला. पहिले कडवे झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, “पाहून काय राह्यला? लिही ना.”

मी धावत जाऊन दौत आणि कोरी वही आणली.