रोहतांगच्या पायथ्याशी पायमोजे

माळव्यात काय किंवा बडोद्यात काय, आपल्याकडची थंडी ही मुळात पाहुणी. पौषात चार दिवस दुलईची ऊब हवीशी वाटावी, पहाटे अंगणात शेकोटी पेटावी, आणि संक्रांतीचा तिळगूळ संपता संपता तिने निरोप घ्यावा. त्यामुळे आपल्या घरांत पायमोजे नांदतात ते शाळेच्या गणवेशाचा एक भाग म्हणूनच. त्यांच्या निवडीवर कुणी विचार खर्च करील असे वाटत नाही.

तथापि अलीकडे याच घरांतील मुले-मुली ऐन हिवाळ्यात मनालीला जाऊ लागली आहेत. आणि तीही केवळ सहलीला नव्हे, तर बर्फ तुडवीत डोंगर चढावयाला. बियास नदीच्या काठी, देवदारांच्या सावलीत, सुमारे 6,700 फुटांवर वसलेल्या या गावात 1961 साली गिर्यारोहणाची संस्था स्थापन झाली. पाठीवर बोजा घेतलेली तरुण मंडळी येथे बारमाही दिसतात. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बर्फाने बुजली, की पलीकडचे लाहौल खोरे महिनोन्‌महिने जगापासून तुटत असे. 2020 साली सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ते अंतर दहा मिनिटांवर आले. अलीकडे देवदारांची हिरवी गर्दी, पलीकडे उघडे, रुक्ष, पांढरेशुभ्र डोंगर! दहा हजार फुटांवरचा तो वारा अंगावर आला, की थंडी या शब्दाचा अर्थ आपल्याला नव्याने शिकावा लागतो.

लाहौलच्या स्त्रियांना मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात केलाँग येथे आलेल्या मोरावियन मिशनरी कुटुंबांतील स्त्रियांनी तेथे विणकाम शिकविले, आणि लाहौली हातांनी ते आपलेसे केले. भौमितिक नक्षीचे, रंगीबेरंगी लोकरी पायमोजे ही आज त्या खोऱ्याची ओळख आहे. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मनालीच्या बाजारात ते टांगलेले दिसतात, तेव्हा त्यांच्यापुढे पाय थबकतातच.

या मोज्यांचा गुण रंगांत नाही, लोकरीत आहे. लोकरीचा कुरळा तंतू आपल्या वळणांत हवा धरून ठेवतो, आणि ती स्तब्ध हवाच खरी ऊब राखते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. सुती मोजा याच्या नेमका उलट. आपल्या उन्हाळ्यात तो घाम टिपतो म्हणून सुखाचा. पण बर्फात हाच घाम धरून तो पायाशी ओल्या फडक्यासारखा चिकटतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, हे लक्षात घेतले म्हणजे घरचा पांढरा सुती मोजा डोंगरावर का नको, ते निराळे सांगावयाला नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या वडीलधाऱ्यांचा समज असा, की एकावर एक तीन मोजे चढविले म्हणजे तिप्पट ऊब. माया खरी, पण हिशेब चुकीचा. पायाची बोटे ही शरीराच्या चुलीपासून सर्वांत दूरची खोली. तेथवर उष्णता पोहोचविते ते रक्त. बुटात मोजे कोंबले की रक्ताची वाट आवळली जाते आणि हवेची पोकळीही नाहीशी होते. मग जाड मोजा असूनही पाय गारठतो. म्हणून आत एक पातळ, घाम बाहेर टाकणारा मोजा आणि त्यावर एकच जाड लोकरी मोजा, एवढे पुष्कळ. मेरिनो मेंढीची लोकर बारीक तंतूची असल्याने ती टोचत नाही; तिच्यात थोडा नायलॉन मिसळलेला असेल तर मोजा टाचेशी लवकर झिजत नाही.

मनालीत बर्फाचे बूट भाड्यानेही मिळतात. दुकानात जाताना हे दोन्ही मोजे बरोबर न्यावेत, आणि शक्यतो संध्याकाळी जावे. दिवसभराच्या चालीने पाय थोडे फुगलेले असतात. नाडी न बांधता पाय पुढे सरकवावा; टाचेमागे एक बोट सहज जावे. नाडी बांधल्यावर टाच उचलू नये, पण बोटे आत मोकळेपणी हलली पाहिजेत. उतारावर उभे राहून पाहावे. बोटे टोकाला टेकली तर बूट परत द्यावा. मोज्याची टाच टाचेवरच बसावी, चुणी कुठेही नसावी, बोटांवरची शिवण सपाट असावी आणि मोज्याची उंची बुटाच्या कडेहून अधिक असावी. इलॅस्टिकचा खोल वळ पोटरीवर उमटत असेल, तर तो मोजा बाजूला ठेवावा. नक्षीच्या लाहौली मोज्यात आतून धागे ओढलेले असतात, त्यांत बोटे अडकू शकतात. तो संध्याकाळी तंबूत घालावयाला उत्तम.

रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड निराळा राखावा. तो दिवसा कितीही मोह झाला तरी वापरू नये. ओलसर मोजे अंगाशी धरून झोपावे, म्हणजे सकाळपर्यंत सुकतात. बुटांचीही काळजी हवी. 29 मे 1953 च्या पहाटे, एव्हरेस्टच्या अखेरच्या तळावर हिलरींनी रात्री काढून ठेवलेले बूट गोठून दगड झाले होते. ते स्टोव्हवर मऊ करण्यात बराच वेळ गेला. तेनझिंग यांनी आपले बूट पायांतच ठेवले होते. त्या बुटांच्या आत होते ते त्यांच्या पत्नीने, आंग ल्हामूंनी, विणलेले पायमोजे. जगाच्या माथ्यावर एका घरचे विणकाम असे पोहोचले!

याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. 3 जून 1950 रोजी अन्नपूर्णेचे शिखर गाठणाऱ्या एर्झॉग आणि लाशनाल या फ्रेंच वीरांना हिमदंशामुळे पायांची सारी बोटे गमवावी लागली. म्हणून मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी: थंडीने पाय दुखतो तोवर तो जिवंत आहे, दुखणे थांबून तो बधिर झाला, तर तो आराम नव्हे, धोक्याचा इशारा आहे. त्या क्षणी थांबावे, गटप्रमुखाला सांगावे, आडोसा गाठून बूट सैल करावा आणि पाय सोबत्याच्या अंगाच्या उबेत धरावा. बर्फाने चोळू नये, शेगडीवर शेकू नये. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते.