पावसाळ्यातला बॅकअप

९ जून २०२५, सोमवार

दुपारी हिशेबाच्या ऑफिसातून ताईंचा फोन. अलिबागजवळच्या नागाव-आक्षी पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांची जीएसटीची कामं त्या बघतात. "दादा, परवा ११ तारीख, जीएसटीआर-१ जायलाच हवा. एका पार्टीची मे महिन्याची विक्रीची फाइल पुसली गेलीय. बॅकअपमधून काढून द्याल का?"

गेलो. सर्व्हरच्या डब्यावर हिरवा दिवा लागलेला. आतल्या फोल्डरमधली शेवटची तारीख २२ मे. ही फाइल जूनच्या पहिल्या आठवड्यात बनलेली, म्हणजे तिथे असण्याचा प्रश्नच नव्हता.

रोज रात्री ऑफिसातल्या तिन्ही मशीनवर विंडोजचा टास्क शेड्युलर रोबोकॉपी हा फाइलींच्या प्रती काढणारा प्रोग्राम चालवतो. शेड्युलरच्या यादीत सगळं 'रेडी'. पण 'लास्ट रन रिझल्ट'च्या रकान्यात नेहमीच्या ०एक्स१ ऐवजी ०एक्स१० होतं. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. रोबोकॉपीच्या भाषेत १ म्हणजे फाइली नीट गेल्या. आठ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे बिघाड. शेड्युलर हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये दाखवतो, त्यामुळे तिथलं १० म्हणजे आपले १६: गंभीर चूक, एकही फाइल गेलेली नाही. अडीच आठवडे यंत्र रोज रात्री हे सांगत होतं, पण ज्या खात्यावरून इशाऱ्याची मेल निघायची त्याचा पासवर्ड मध्यंतरी बदलला होता, म्हणून मेल निघालीच नाही.

मोठ्यांकडेही असंच घडतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप शोधायला गेले तर आवृत्तीच्या फरकामुळे तो होतच नव्हता, आणि बिघाडाच्या मेली वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत वेगळ्या कारणासाठी काढलेली होती, तिच्यावर निभावलं.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. ताई पूजा आटोपून दुपारी आल्या. तोवर मी लॅन बघत होतो.

सर्व्हरला पिंग केलं तर जुन्या पत्त्यावर उत्तर नाही. यंदा पाऊस मेमध्येच आला, २६ मेला तर मान्सून मुंबईत दाखल. त्याच्या आधीपासून इथे वाडीतल्या झावळ्या तारांवर पडून लाइट जात होती. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. लाइट आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो. त्यात सर्व्हरचा १९२.१६८.१.२० वरून भलताच झाला, आणि स्क्रिप्टमध्ये मात्र जुनाच लिहिलेला. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखीव करून टाकला. राउटर आणि सर्व्हर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले.

दोन मशीनवर बॅकअप चालू झाला. ताईंच्या मुख्य मशीनवर अजून ०एक्स१०. टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, सगळा डेटा त्याच मशीनवर आहे.

११ जून, बुधवार

पुसलेल्या फाइलची बिलं कागदावर होती. ताई आणि त्यांची मदतनीस एकेक बिल पुन्हा चढवत बसल्या. रात्री उशिरा रिटर्न गेलं. बॅकअपला आज हात लावला नाही.

१२ जून, गुरुवार

मुख्य मशीनवरून ४४५ नंबरचं पोर्ट तपासलं. उघडं आहे. म्हणजे वायर, पत्ता, फायरवॉल हे सगळं बाजूला. तरी फोल्डर उघडत नाही, सहीबद्दल तक्रार येते.

या मशीनवर मेअखेरीस विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती चढली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीच्या प्रोमध्ये फाइल सर्व्हरशी बोलताना प्रत्येक संदेशावर डिजिटल सही सक्तीची आहे आणि बिनपासवर्डचा 'गेस्ट' प्रवेश बंद. मधल्या कुणी संदेश बदलू नये म्हणून ही सही. इथला जुना डबा सहीशिवाय, गेस्ट म्हणूनच सगळ्यांना आत घेत होता.

सोपा मार्ग समोर दिसतो: विंडोजमधली सक्ती काढा, हवं तर फाइल सर्व्हरशी बोलायची जुनी पद्धत, एसएमबी-१, चालू करा, पाच मिनिटांत काम होतं. मी ते करणार नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस याच एसएमबी-१ च्या भोकातून जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा झोपवली, आणि आपल्याच रायगडात, उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात, त्यांच्याकडचं कंटेनर टर्मिनल अडकलं. मर्स्कचे जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांची प्रत ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती. कंपनी त्या एका यंत्रावरून पुन्हा उभी राहिली. सतत जोडलेल्या प्रती एकाच वेळी मरू शकतात, हे त्या दिवशी जगाला दिसलं.

१४ जून, शनिवार

डब्याचं फर्मवेअर अद्ययावत केलं. कमीत कमी एसएमबी-२, सही चालू, गेस्ट बंद. बॅकअपसाठी वेगळा यूजर काढला. त्याचा पासवर्ड रोजच्या कामात कुणी वापरणार नाही. स्क्रिप्टमध्ये झेड ड्राइव्ह लिहायचा मोह टाळला, कारण कुणी लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला जोडलेला ड्राइव्ह दिसत नाही. थेट सर्व्हरचा मार्गच लिहिला. रात्री मुख्य मशीनवरही ०एक्स१ आला.

पण वेग रडका. लिंक १०० एमबीपीएसवर अडकलेली, खरं तर गिगाबिट हवी. केबलचा जॅक काढून उजेडात धरला. आठातल्या दोन पिनांवर हिरवट पापुद्रा. समुद्र इतका जवळ, खिडकी कायम उघडी. शंभरच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे जोडणी तुटत नाही, नुसती मंदावते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही टोकांना नवे जॅक क्रिंप केले, सर्व्हर खिडकीपासून हलवला.

२१ जून, शनिवार

आज खरी परीक्षा. सर्व्हरवरचा टॅलीचा डेटा कोऱ्या लॅपटॉपवर उतरवला आणि ताईंना उघडायला दिला. मेची विक्री भरलेल्या रिटर्नशी जुळली. टॅली उघडी असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते, म्हणून वेळ रात्री ११ ची ठेवली आणि सायंकाळी टॅली बंद करायचा नियम केला.

शिवाय दोन पोर्टेबल डिस्क घेतल्या. आठवड्याने आलटूनपालटून एक अलिबागला ताईंच्या भावाकडे जाईल. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कौलं उडाली, माड पडले, कित्येक दिवस वीज नव्हती. एकाच छपराखाली तीन प्रती असून काय उपयोग? जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीनंतर ७२ महिने सांभाळावे लागतात. तेवढ्यात इथे बरेच पावसाळे होतात.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा मला या कामात नेहमी आठवते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं वेधकार्य इथे हलवलं, पण १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही मालिका जुळतात याची खात्री केली, मग कुलाब्याचं काम थांबवलं. कुलाब्याच्या नोंदीत १८५९ चं मोठं सौर वादळ आहे, आणि शास्त्रज्ञ आजही ती नोंद वापरतात.

ज्यांच्या ऑफिसात असा सर्व्हर आहे त्यांनी हिरव्या दिव्यावर विसंबू नये. या शनिवारी त्यातली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडून पाहावी, आणि एक प्रत वायरीपासून सोडवून दुसऱ्या घरी ठेवावी.